गोळी सुरू होती तोवर रंग: कोडातल्या संदेशरेणूंचा प्रकरण अभ्यास

काय घडलं

तिशीतला एक पुरुष. डोक्याला चाई, म्हणजे चकत्यांनी केस गळणं, आणि अंगावर कोड. हे दोन आजार एकाच माणसात सापडणं फार नवलाचं नाही. दोन्हींत प्रतिकारयंत्रणा आपल्याच पेशींवर उलटलेली असते, आणि एक असला की दुसरा होण्याची शक्यता वाढते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्या वेळी चाईवर रुक्सोलिटिनिब या औषधाची चाचणी सुरू होती. त्या चाचणीत या रुग्णाला २० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा सुरू झाली, ती केसांसाठी. कोड हा चाचणीचा विषयच नव्हता.

केस उगवू लागले. पण डॉक्टरांचं लक्ष वेधलं ते चेहऱ्याने. औषध सुरू होताना चेहऱ्याच्या जेमतेम ०.८ टक्के भागात नैसर्गिक रंग उरला होता, म्हणजे चेहरा जवळपास पूर्ण पांढरा होता. २० व्या आठवड्यात रंग असलेला भाग ५१ टक्क्यांवर गेला. कोडाच्या उपचाराचा अनुभव असलेल्या कुणालाही हा वेग चकित करणारा वाटेल. इतका विस्तीर्ण पांढरा भाग भरून यायला एरवी कित्येक महिने लागतात, आणि पुष्कळदा तो तेवढा भरतही नाही.

पुढे औषध थांबलं. त्यानंतर १२ आठवड्यांनी पाहिलं तर परत आलेला बराचसा रंग ओसरला होता. केस मात्र टिकून होते.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ जॉन हॅरिस आणि कोलंबियातले त्यांचे सहकारी यांनी हे प्रकरण २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याचा उल्लेख होतो तेव्हा बहुतेक वेळा पहिला भाग सांगितला जातो, म्हणजे गोळीने रंग आला. मला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. रंग कुठल्या संदेशामुळे जातो हे पहिल्या भागातून कळतं. तो संदेश दाबला म्हणून आजार निघून जात नाही, हे दुसऱ्यातून कळतं. कोडाच्या रुग्णाशी बोलताना हे दोन्ही सांगायला हवं, नाहीतर आपण त्याला अर्धवट आशा देतो.

हाक कोण देतं

रुक्सोलिटिनिब हे जॅक-१ आणि जॅक-२ या विकरांना रोखणारं औषध आहे. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये पहिली मान्यता मिळाली ती अस्थिमज्जेत तंतू वाढण्याच्या आजारासाठी. रंगपेशींवर ते थेट काहीही करत नाही. रंग तयार करायला लावत नाही, नव्या रंगपेशी बनवत नाही. तरीही रंग आला. याचा अर्थ, रंगपेशींना परत यायला काहीतरी अडवत होतं आणि ती आडकाठी जॅकच्या वाटेने येत होती.

ही वाट नीट पाहण्यासारखी आहे. त्वचेच्या बाहेरच्या थरात सगळ्यात जास्त संख्या केराटिनोसाइट पेशींची असते. थराच्या तळाशी अधूनमधून एखादी रंगपेशी, म्हणजे मेलानोसाइट, बसलेली असते. एक रंगपेशी आपल्या फांद्यांमधून साधारण ३६ केराटिनोसाइटना रंगाचे कण पुरवते. कोडात मरते ती फक्त रंगपेशी. शेजारच्या छत्तीस पेशींना धक्का लागत नाही. म्हणून कोडाच्या डागावर खपली नसते, भेग नसते, सहसा खाजही नसते. हात फिरवला तर त्वचा अगदी निरोगी लागते, फक्त रंग गेलेला असतो.

मारणाऱ्या पेशी म्हणजे सीडी-८ टी पेशी, प्रतिकारयंत्रणेतल्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी डागाच्या कडेच्या त्वचेतून या पेशी काढल्या आणि त्याच रुग्णाच्या निरोगी त्वचेच्या तुकड्यात सोडल्या. तिथल्या रंगपेशी त्यांनी मारल्या. कोड म्हणजे नसांचा दोष, रक्ताचा दोष अशा कल्पना बरीच वर्षं चालत होत्या. त्या प्रयोगानंतर थेट मारेकरी कोण हा वाद जवळपास मिटला. या टी पेशी रंगपेशींना ओळखतात ते त्यांच्यातल्या खास प्रथिनांवरून: टायरोसिनेज, जीपी-१००, मार्ट-१. अशा मोजक्या टी पेशी निरोगी माणसाच्या शरीरातही असतात, पण गप्प असतात.

प्रश्न असा की डागाच्या कडेला टी पेशींची गर्दी कधीच मोठी नसते. सोरायसिसच्या चट्ट्यात असतो तसा पेशींचा थवा इथे दिसत नाही. मग मोजक्या टी पेशी हजारो केराटिनोसाइटच्या दाटीतून विरळ रंगपेशी शोधतात कशा? इथे संदेशरेणू येतात.

टी पेशीला रंगपेशी सापडली की ती इंटरफेरॉन गॅमा हा रेणू सोडते. तो आजूबाजूच्या केराटिनोसाइटच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. ग्राहीच्या आतल्या टोकाला जॅक-१ आणि जॅक-२ बसलेले असतात. ते जागे होतात आणि स्टॅट-१ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात. मग स्टॅट-१ ची जोडी पेशीकेंद्रात शिरते आणि काही जनुकं चालू करते. त्यांतली दोन आपल्या कामाची: सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१०. हे केमोकाइन, म्हणजे पेशींना हाक मारणारे रेणू. ते केराटिनोसाइटमधून बाहेर पडतात आणि ज्या टी पेशींवर सीएक्ससीआर-३ हा ग्राही आहे त्या टी पेशी त्या दिशेने सरकतात. सरकलेल्या टी पेशी आणखी इंटरफेरॉन गॅमा सोडतात. त्याने आणखी केराटिनोसाइट हाक देऊ लागतात. चक्र पूर्ण झालं.

म्हणजे जिचा जीव जातो ती रंगपेशी, आणि जोरात हाक मारणाऱ्या तिच्याच शेजारच्या, स्वतः सुरक्षित राहणाऱ्या पेशी. कोडाच्या सगळ्या जीवशास्त्रात मला हीच गोष्ट सर्वात अस्वस्थ करणारी वाटते. रंगपेशीने वर्षानुवर्षं ज्यांना रंग पुरवला त्यांच्याच हाकेवर तिचे मारेकरी तिच्यापर्यंत पोचतात.

चक्राची सुरुवात कुठे होते, हा वेगळा धागा. रंग बनवताना रंगपेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे ऑक्सिडीकारक तयार होतात. कोड असलेल्यांच्या रंगपेशी हा ताण कमी झेलतात. ताणाखालची रंगपेशी एचएसपी-७० हे प्रथिन बाहेर टाकते, त्याने जवळच्या पहारेकरी पेशी सावध होतात, अल्फा इंटरफेरॉन सुटतो, आणि गप्प बसलेल्या टी पेशींना जागं करण्याची तयारी होते. काही रसायनं हा ताण मुद्दाम लावल्यासारखा लावतात. जपानमध्ये २०१३ मध्ये रोडोडेनॉल असलेली त्वचा उजळवणारी प्रसाधनं बाजारातून मागे घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्या हजारो लोकांच्या त्वचेवर पांढरे डाग उठले. रबर आणि चिकट पदार्थांच्या उद्योगात वापरले जाणारे काही फिनॉलही असंच करतात. त्वचा उजळवण्याचं कुठलंही क्रीम कोडाची प्रवृत्ती असलेल्याने लावण्याआधी त्यातले घटक डॉक्टरांना दाखवावेत, हे मी आग्रहाने सांगेन.

हे कशावरून कळलं

एका रुग्णाच्या चेहऱ्यावरून एवढी साखळी कुणी मांडत नाही. ती आधीच मांडलेली होती, आणि म्हणूनच या रुग्णाच्या रंगाकडे नेमकं बघणं शक्य झालं.

हॅरिस यांच्या गटाने उंदरांत कोड तयार केलं होतं. साध्या उंदराच्या रंगपेशी केसांच्या मुळांत असतात, बाहेरच्या थरात नसतात. म्हणून त्यांनी बाहेरच्या थरात रंगपेशी टिकतील असे उंदीर घेतले आणि त्यांना जीपी-१०० ओळखणाऱ्या टी पेशी दिल्या. काही आठवड्यांत शेपटी आणि कान पांढरे पडले. इंटरफेरॉन गॅमा निकामी केला तर टी पेशी त्वचेत साठेनात. २०१४ मध्ये याच गटाने दाखवलं की सीएक्ससीएल-१० ला प्रतिपिंडाने अडवलं तर पांढरेपणा पसरत नाही, आणि आधीच पांढऱ्या झालेल्या उंदरांत रंग परतू लागतो. सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० सारखेच दिसत असले तरी त्यांची कामं थोडी वेगळी आहेत: पहिला टी पेशींना त्वचेकडे मोठ्या संख्येने ओढतो, दुसरा त्यांना नेमक्या थरात नेऊन कामाला लावतो.

पुढचा प्रश्न होता हाक देणारी पेशी कोणती. उंदरांच्या फक्त केराटिनोसाइटमधून स्टॅट-१ काढून टाकलं, बाकी सगळं तसंच ठेवलं. टी पेशींना बाहेरच्या थराची वाट सापडेना आणि कोड पुढे सरकेना. त्वचेतल्या इतर प्रतिकारपेशींची त्यासाठी गरज नव्हती, असंही त्याच कामात दिसलं.

माणसात हे पाहायला एक साधी, सौम्य पद्धत आहे. त्वचेवर हलकं निर्वात ओढून छोटा फोड आणायचा आणि त्यातलं पाणी सुईने काढून घ्यायचं. त्या पाण्यात त्या जागेच्या पेशीही असतात आणि संदेशरेणूही. सक्रिय कोडाच्या डागातल्या फोडाच्या पाण्यात सीएक्ससीएल-९ चढलेला सापडतो. त्याच रुग्णाच्या न बिघडलेल्या त्वचेतल्या पाण्याशी तुलना करता येते, हा या पद्धतीचा खरा फायदा. रक्तात असा शेजारी-शेजारी फरक दिसत नाही.

तरीही रक्त काही सांगतं. पसरत असलेल्या कोडात रक्तातला सीएक्ससीएल-१० वाढलेला असतो आणि उपचाराने उतरतो. आपल्या रुग्णाच्या रक्तातही औषध चालू असताना तो उतरला. चेहऱ्यावर रंग येत होता त्याच काळात हाक देणारा रेणू कमी होत होता, अगदी साखळीच्या अंदाजाबरहुकूम. एका माणसातला हा मेळ पुरावा म्हणून लहान आहे. पण उंदीर, फोडाचं पाणी आणि हा रुग्ण एकच दिशा दाखवतात, तेव्हा त्याचं वजन वाढतं.

रंगपेशीला मृत्यू कसा येतो, याबद्दल २०१९ मध्ये एक आणखी तपशील पुढे आला. टी पेशी येण्याआधीच नैसर्गिक मारक पेशी आणि त्यांच्या जातकुळीतल्या पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात. त्याने कोड असलेल्यांच्या रंगपेशींवर सीएक्ससीआर-३ ग्राहीचा एक प्रकार वाढतो. मग सीएक्ससीएल-१० थेट रंगपेशीला चिकटून तिला मरणाच्या वाटेवर ढकलतो. म्हणजे हा रेणू फक्त बोलावणाराच नाही, काही प्रमाणात मारणाराही आहे.

आणखी एक कोडं होतं. डाग डाव्या-उजव्या बाजूला जोडीने, ठरावीक जागीच का पडतात? २०२२ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की त्वचेच्या आतल्या थरातल्या, तंतू बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी सगळीकडे सारख्या नसतात. काही जागांचे फायब्रोब्लास्ट इंटरफेरॉन गॅमाला जास्त जोरात प्रतिसाद देतात आणि टी पेशींना जास्त ओढतात. डागांचा नकाशा काही अंशी तिथे ठरतो.

वाढलेला प्रत्येक रेणू दोषी नसतो

कोडाच्या रुग्णाचं रक्त तपासलं तर टीएनएफ, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१७ असे अनेक रेणू वाढलेले सापडतात. अशा याद्या शोधनिबंधांत भरपूर आहेत आणि त्या वाचून कुणालाही वाटेल की यांपैकी कुणालाही अडवलं तरी चालेल. तसं होत नाही.

इंटरल्यूकिन-१७ ला अडवणारं सेक्युकिनुमॅब सोरायसिसमध्ये उत्तम चालतं. सक्रिय कोडाच्या एका छोट्या चाचणीत ते दिलं तर बहुतेकांचं कोड पसरतच राहिलं. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांचा कोडात खात्रीचा उपयोग दिसलेला नाही. उलट, संधिवात किंवा सोरायसिससाठी ती औषधं घेणाऱ्या काहींच्या अंगावर नव्याने कोड उठल्याची नोंद आहे. सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध स्टॅट-१ ला दाबतं. उंदरांतलं कोड त्याने सुधारलं, पण माणसांवरच्या छोट्या चाचणीत फायदा दिसला नाही.

रेणू वाढलेला असणं आणि रेणूमुळे आजार चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या रुग्णात औषधाने इंटरफेरॉन गॅमाची वाट बंद केली आणि रंग आला, औषध काढलं आणि रंग गेला. देणं आणि काढणं या दोन्ही वेळी त्वचेने उत्तर दिलं. कारण आणि परिणाम जोडायला रक्तातल्या रेणूंच्या लांबलचक यादीपेक्षा हे जास्त उपयोगी आहे. उलट दिशेचा पुरावा कर्करोगाच्या वॉर्डात मिळतो. मेलानोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाच्या, रुग्णांना टी पेशींचा लगाम सोडणारी पीडी-१ रोधक औषधं दिली की काहींच्या अंगावर कोडासारखे डाग येतात, आणि अशा रुग्णांत कर्करोगाला मिळणारा प्रतिसाद सरासरीने चांगला असतो. रंगपेशी ओळखणाऱ्या त्याच टी पेशी तिथे उपकारक ठरतात.

रंग परत का गेला

आता प्रकरणाच्या दुसऱ्या भागाकडे. औषध चालू असताना केराटिनोसाइट हाक देत नव्हते. केसांच्या मुळाशी, फुगवट्याच्या जागी, रंगपेशींच्या मूळपेशी, म्हणजे नव्या रंगपेशी घडवणाऱ्या पेशी, बहुधा शाबूत राहतात. त्यांना वाव मिळाला की नव्या रंगपेशी मुळातून वर चढतात आणि केसाभोवती रंगाचे ठिपके उमटतात. ठिपके वाढत एकमेकांना मिळतात. चेहऱ्यावर केसांची मुळं दाट, म्हणून चेहरा लवकर भरतो. बोटांची टोकं आणि ओठ यांवर केसच नाहीत, म्हणून तिथे रंग येणं सर्वात कठीण. डागातले केसही पांढरे झाले असतील तर साठा संपलेला असण्याची शक्यता जास्त.

म्हणजे नव्या रंगपेशी आल्या. पण ज्या त्वचेत त्या आल्या तिथे जुन्या टी पेशी बसून होत्या. प्रतिकारयंत्रणेत स्मृतिपेशींचा एक प्रकार असा आहे की तो रक्तात फिरत नाही. लढाई झाली त्याच जागी, त्वचेच्या थरात, तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. हा प्रकार विषाणूंविरुद्ध फार उपयोगी: ज्या जागी संसर्ग झाला तिथेच पहारा राहतो. कोडाच्या डागांत याच निवासी स्मृतिपेशी सापडल्या आहेत, स्थिर दिसणाऱ्या जुन्या डागांतसुद्धा. त्या मोजक्या असतात. एकट्याने सगळ्या रंगपेशी संपवत नाहीत. रंगपेशी पुन्हा दिसली की इंटरफेरॉन गॅमा सोडतात, केराटिनोसाइट हाक देतात आणि रक्तातली कुमक येते.

रुक्सोलिटिनिबने ही साखळी मधोमध तोडली होती. साखळीचं पहिलं टोक, म्हणजे निवासी स्मृतिपेशी, त्वचेतून गेलं नव्हतं. गोळी थांबताच जॅक मोकळे झाले आणि डाग पुन्हा त्याच जागी आले. कोड उलटतं तेव्हा पुष्कळदा जुन्याच जागी का उलटतं, हा रुग्णांचा नेहमीचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर या पेशींच्या मुक्कामात आहे.

या पेशी जगतात कशावर? इंटरल्यूकिन-१५ वर. केराटिनोसाइट तो रेणू पुरवतात आणि स्मृतिपेशी सीडी-१२२ नावाच्या ग्राहीने तो घेतात. २०१८ मध्ये उंदरांत सीडी-१२२ ला थोडा काळ अडवून पाहिलं. रंग परतला आणि औषध थांबवल्यावरही टिकून राहिला. इंटरफेरॉनची वाट अडवल्याने मिळणाऱ्या परिणामाहून हा वेगळा आहे, आणि आपल्या रुग्णाच्या दुसऱ्या भागाला थेट जाऊन भिडतो. माणसांतही इंटरल्यूकिन-१५ रोखणाऱ्या प्रतिपिंडाच्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या. रिटलेसिटिनिब ही गोळी जॅक-३ ला अडवते. इंटरल्यूकिन-१५ चा संदेश जॅक-१ आणि जॅक-३ वरून जातो, त्यामुळे तिचा मारा वेगळ्या जागी पडतो. चाईसाठी तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि कोडातही ती तपासली जात आहे.

केस टिकले, याबद्दल थोडक्यात. चाईतही सीडी-८ टी पेशी, इंटरफेरॉन गॅमा आणि इंटरल्यूकिन-१५ हीच पात्रं आहेत. पण चाई मुळातच येणारी-जाणारी असते, आपोआप भरूनही येते. त्याच चाचणीतल्या इतर काही रुग्णांचे केस औषध थांबल्यावर पुन्हा बऱ्यापैकी गळले. म्हणून या एका माणसाचे केस टिकले यावरून चाई कायमची बरी होते असा निष्कर्ष काढू नये.

गोळीपासून मलमापर्यंत

पोटातून घेतलेलं जॅकरोधक औषध सगळ्या शरीरभर फिरतं. रक्तपेशी कमी होणं, जंतुसंसर्ग, नागीण, आणि या औषधांच्या वर्गाला लागू असलेले हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या व कर्करोगाविषयीचे इशारे लक्षात घेतले तर निव्वळ त्वचेच्या रंगासाठी गोळी देताना डॉक्टर दहा वेळा विचार करतात, आणि करायलाच हवा. हाक मारणाऱ्या पेशी त्वचेच्या अगदी वरच्या थरात आहेत हे एकदा कळल्यावर औषध वरूनच लावण्याचा विचार ओघाने आला.

१.५ टक्के रुक्सोलिटिनिबच्या मलमाच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्ही मिळून सहाशेवर रुग्ण. २४ आठवड्यांनंतर चेहऱ्यावरचं कोड किमान ७५ टक्क्यांनी सुधारलेले रुग्ण मलमाच्या गटात सुमारे ३० टक्के होते. नुसतं औषधविरहित मलम लावणाऱ्यांत ते एका चाचणीत ७.४ टक्के आणि दुसऱ्या चाचणीत ११.४ टक्के होते. वर्षभर लावत राहिलेल्यांत हे प्रमाण सुमारे निम्म्यावर पोचलं. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १२ वर्षांवरील रुग्णांसाठी, एका पट्ट्यापुरत्या मर्यादित नसलेल्या कोडावर, या मलमाला मान्यता दिली. कोडात रंग परत आणण्यासाठी तिथे मान्यता मिळालेलं हे पहिलं औषध. ते एका वेळी शरीराच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त भागावर लावायचं नाही. जिथे लावतो तिथे मुरुमं उठणं हा नेहमीचा त्रास. आणि २४ आठवडे ही परीक्षा नव्हे, सुरुवात आहे: दोन महिन्यांत काही दिसलं नाही म्हणून मलम फेकून देणारे रुग्ण फायदा मिळण्याआधीच थांबतात.

प्रकाशाची बाजूही विसरता येत नाही. टोफासिटिनिब या दुसऱ्या जॅकरोधकावरच्या रुग्णांत रंग मुख्यतः उजेड मिळालेल्या त्वचेवरच आला, असं २०१७ च्या एका मालिकेत दिसलं. औषध हाक थांबवतं, पण मूळपेशींना हलवायला अरुंद पट्ट्याच्या अतिनील-बी किरणांसारखं काही लागतं. ही ३११ नॅनोमीटरची किरणं कोडात १९९७ पासून वापरात आहेत. दोन्ही एकत्र देण्यामागचं कारण हेच.

औषध थांबवताना

आज हाच रुग्ण समोर बसला असता तर गोळी अचानक बंद करून तीन महिन्यांनी बोलावणं योग्य ठरलं नसतं. चेहऱ्याला मलम आणि जोडीला किरणोपचार, आणि रंग भरला की टप्प्याटप्प्याने कमी करणं. फ्रान्समधल्या एका चाचणीत रंग भरलेल्या डागांवर टॅक्रोलिमस हे टी पेशींना दाबणारं मलम आठवड्यातून फक्त दोनदा लावत ठेवलं. २४ आठवड्यांत ९.७ टक्के डाग उलटले. औषधविरहित मलम लावलेले ४० टक्के डाग उलटले. आठवड्यातून दोन वेळचं मलम रुग्णाला जड जात नाही, आणि निवासी स्मृतिपेशी अजून त्वचेत आहेत हे गृहीत धरूनच ते लावायचं असतं.

बाकीचं लक्ष रुग्णानेच ठेवायचं. डागाच्या आसपास राईच्या दाण्याएवढे विखुरलेले नवे पांढरे ठिपके, पांढरा आणि मूळ रंग यांच्या मधोमध फिकट तिसरी छटा असलेली धूसर कड, किंवा खरचटल्या जागी उमटलेली पांढरी रेघ: ही तिन्ही चिन्हं आजार जागा झाल्याची आहेत. त्यांपैकी एक जरी दिसलं तरी पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं. कडेला रंगपेशी अजून जिवंत असताना उपचार पुन्हा सुरू केला तर भरून काढायचा भाग कमी राहतो.